तीन आणि आणखी एक

पाओ-चूताईच्या गळ्यात दोन वस्तू असत. एक माझू देवीचा लाल कापडी ताईत आणि दुसरी मॉर्फीनच्या कपाटाची चावी. ताईत गणवेशाच्या आत, चावी बाहेर. शीलुओ गावच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर रुजू होणाऱ्या नव्या नर्सला आधी चावी दिसायची, मग ताई.

बाई कामाला वाघ होती. ज्या म्हाताऱ्यांच्या हाताला दोन-दोन नर्सांना शीर सापडत नसे, तिथे ही नुसतं बोट फिरवून पहिल्या टोचणीत सुई घाली. पडून पडून कुणाच्या पाठीला जखम झाली, असं तिच्या वॉर्डात तेहेतीस वर्षांत घडलं नव्हतं. घरून आलेलं माशाचं सूप ती आधी स्वतः चाखायची आणि खारट लागलं तर आणणाऱ्या सुनेला सगळ्यांदेखत झापायची. वेळ, कष्ट, शिव्या, सगळं सढळ हाताने. फक्त दुखणं थांबवायच्या औषधाला तिचा हात आखडता होता.

"जो मागतो त्याला गरज नसते, आणि ज्याला गरज असते तो मागत नाही," हे तिचं ब्रह्मवाक्य. झोपलेल्या माणसाला दुखत नसतं. टीव्हीवरची मालिका बघून हसणाऱ्याला तर मुळीच नसतं. आणि मॉर्फीनची चटक एकदा लागली की माणूस हातचा गेला. एका ट्रक ड्रायव्हरचा किस्सा ती चवीने सांगायची. पाय मोडून आला होता, तासातासाला बोंब मारायचा, दुखणं दहापैकी दहा म्हणून. तिने एकदा नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तर अर्ध्या तासात गडी घोरायला लागला. "पकडला की नाही चोर?" असं म्हणून ती टाळी मागायची. दोन दिवसांनी त्याच्या पायात आतून पू निघाला होता, पण किस्सा सांगताना ते शेपूट ती गाळत असे.

तिची आवडती गोष्ट मात्र आईची.

आई उभा जन्म सोया सॉसच्या कारखान्यात राबली. उन्हात मांडलेले माणसाच्या कमरेएवढे रांजण, त्यांतल्या काळ्या सोयाबीनला लाकडी दांड्याने ढवळायचं, हेच काम. म्हातारपणी यकृताचा कॅन्सर झाला आणि ती पाओ-चूताईच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या बारा नंबरच्या खाटेवर आली. रोज सकाळी लेक विचारायची, "आई, दुखणं किती?" आणि आई म्हणायची, "तीन." पोट पाण्याने टम्म फुगलं तेव्हा तीन. जेवण सुटलं तेव्हा तीन. गेली त्या दिवशीसुद्धा तीन. "दहापैकी तीनावर गेली माझी आई," असं ताई नव्या पोरींना सांगायची, तेव्हा तिचा आवाज जरा भरून यायचा आणि मान ताठ व्हायची. "मॉर्फीनचा एक थेंब लागला नाही. सोसणं रक्तात असावं लागतं."

नऊ वर्षं ती या गोष्टीवर जगत होती म्हटलं तरी चालेल. कारण आईचं आणि तिचं तसं फारसं गूळपीठ नव्हतंच. पाओ-चू हे तिचं शाळेतलं नाव. घरी तिला 'आणखी एक' म्हणत. आधी दोन मुलगे, एक मुलगी, आणि वर ही. पाहुणे आले की आई ओळख करून द्यायची, "ही माझी तीन मुलं, आणि ही आणखी एक." नको असताना झालेली पोर, हे तिने त्यातून लहानपणीच समजून घेतलं आणि कुणाला विचारलं नाही. त्या आईला शेवटी आपण विनात्रास पोचवलं, ही तिची कमाई होती.

दुखण्याचा आकडा विचारायचा नियम इस्पितळात वरून आला होता. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. तीनपर्यंत साध्या गोळ्या. चार किंवा वर असेल तर डॉक्टरला फोन, कपाट उघडायचं, मॉर्फीन द्यायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. तक्ता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेला.

आता गंमत बघा. ज्या वॉर्डात हा तक्ता टांगला होता तिथे चार नंबरची खाट नव्हती. तीननंतर थेट पाच. तिकडच्या बोलीत चार आणि मरण यांच्या उच्चारात फक्त सुराचा फरक आहे, त्यामुळे इस्पितळात चार नंबर कुणी ठेवतच नाही. बाजारात, घड्याळात चार म्हणायला कुणाची ना नसते. आजाऱ्याच्या उशाशी मात्र नाही. आणि असलं पाळण्यात नर्सा काही कमी नव्हत्या. ड्यूटीवर कुणी अननस आणायचा नाही, कारण त्याच्या नावातच 'भरभराट येवो' आहे आणि वॉर्डाची भरभराट म्हणजे रोग्यांची रांग. यंत्रं बिघडू नयेत म्हणून प्रत्येक मॉनिटरवर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ ठेवलेला, कारण त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. एका नव्या पोरीने अननसाची वडी आणली तर पाओ-चूताईने ती खिडकीतून खाली भिरकावली होती. एवढं सगळं पाळणाऱ्या बायका रोज म्हाताऱ्यांपुढे तक्ता धरून आकडा विचारत होत्या, आणि कुणाच्या काही डोक्यात आलं नाही.

त्या वसंतात तैपेईहून एक शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी सगळ्या नर्सांना एक कागद सोडवायला दिला. त्यात एक प्रश्न होता: रोगी पाहुण्यांशी हसत बोलतो आहे आणि दुखणं आठ सांगतो आहे, तुम्ही काय लिहाल? पाओ-चूताईने लिहिलं, तीन. वेई-रू नावाच्या, नोकरीला दोन वर्षं झालेल्या पोरीने लिहिलं, आठ. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, आठच बरोबर, "दुखणं ज्याचं, आकडा त्याचा." आपल्याकडे म्हणतात ना, ज्याचं जळतं त्याला कळतं, तेच. पाओ-चूताईला निम्म्यापेक्षा कमी गुण पडले. तेहेतीस वर्षांच्या नोकरीवर असा बोळा फिरल्यावर कोण गप्प बसेल? "कागदावरच्या रोग्याला कधी पू होतो का?" असं पुटपुटत ती दोन दिवस सगळ्यांवर डाफरत राहिली.

त्याच आठवड्यात चुंग आमा बारा नंबरला आली. आमा म्हणजे आजी. वय शहात्तर, कॅन्सर मणक्यापर्यंत पोचलेला, आणि तीही सोयाच्या रांजणांवर हयात घालवलेली. मनगटं अजून दोरखंडासारखी. सोबत सून ली-शिया, रताळं घातलेली तांदळाची पेज डब्यात घेऊन.

पहिल्या सकाळी ताईने तक्ता धरला. "आमा, दुखणं किती?"

"तीन," आमा म्हणाली, "आणि—"

"आणि-बिणी काही नाही हं, आमा. एकच आकडा सांगायचा."

आमाने तिच्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. "मग तीन."

"शाब्बास! बघा गं पोरींनो. मणक्याचं दुखणं आहे, पण तोंडातून ब्र नाही. आमच्या आईसारखी आहे ही." ताईने तक्त्यावर ३ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी तीन. आमा कुणाला त्रास देत नसे. ती उताणी पडून छताकडे बघायची आणि एका हाताने खाटेचा लोखंडी कठडा धरून ठेवायची. ताई येता-जाता तिच्या कपाळावरून हात फिरवायची, तिचे केस स्वतः विंचरायची. खरंच जीव जडला होता तिचा त्या म्हातारीवर.

नवव्या दिवशी वेई-रू तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, बारा नंबरच्या आमांना डॉक्टरांना दाखवू या का? कूस बदलताना घामाने भिजतात हो त्या. पेज तशीच परत जातेय. कठडा धरून धरून तळहाताला फोड आलाय."

"आकडा काय सांगितला?"

"तीन. पण—"

"मग तीन लिही."

"पण ताई, चेहरा बघा ना त्यांचा."

पाओ-चूताईने कमरेवर हात ठेवले. "आता गं? तुमच्या त्या तैपेईच्या बाई काय शिकवून गेल्या? दुखणं ज्याचं, आकडा त्याचा. मी तोंड बघून लिहिलं तेव्हा मला नापास केलंत. आता म्हातारी स्वतःच्या तोंडाने तीन म्हणतेय तर तू तोंड बघायला सांगतेस? तुमचा नियम तुम्हालाच जड झाला होय?"

वेई-रूने तक्त्यावर ३ लिहिलं. ताईचं बोलणं बिनतोड होतं आणि साफ चूक होतं. जो ओरडतो त्याचं ताई तोंड बघायची, जो सोसतो त्याचा आकडा ऐकायची, आणि दोन्हीकडून कपाट बंदच राहायचं. हे तिला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

बाराव्या दिवशी दुपारी ताई आमाच्या खाटेशी भेटीला येणाऱ्यांचे पास लिहायला बसली. रविवारी मातृदिन होता. एरवी खाटेजवळ दोनच माणसं सोडत, पण त्या दिवशी नातवंडांना सूट होती.

"आमा, रविवारी नातवंडं किती येणार?"

"तीन," आमा म्हणाली. मग थांबून तिने दम घेतला. "आणि आणखी एक."

ताईचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"म्हणजे... चार?"

आमाने कठडा सोडून हात झटकला. "थू थू थू! ते नाव काढतात होय गं आजाऱ्याच्या खोलीत? आणि लेकरांच्या नावाला जोडून?"

ली-शिया हसली. "आमच्या सासूबाई असंच मोजतात, ताई. कोंबड्यांची अंडीसुद्धा. तीन, आणखी एक, मग पुन्हा आणखी एक. आजारी पडल्यापासून तर फारच."

पाओ-चूताईला हसू आलं नाही. तिला पहिल्या सकाळचं ते 'आणि' आठवलं. ती उठून आमाच्या तोंडाजवळ वाकली.

"आमा, एक विचारू? दुखणं रोज तीन असतं ना? ते नुसतं तीन असतं, की तीन आणि आणखी एक?"

चोरी पकडली गेल्यासारखी आमा ओशाळली. मग तिने फोड आलेला हात पांघरुणावर ठेवला आणि एकेक बोट दाबत मोजू लागली. "तीन. आणि आणखी एक." थांबली. "आणखी एक." दम घेतला. "आणखी एक. आणखी एक." मग हळूच म्हणाली, "कूस बदलली की त्याच्यावर आणखी एक."

आठ. पडून राहिली तर सात, कूस बदलली की आठ, आणि असे बारा दिवस.

"मग आमा, पाच तरी म्हणायचं! सहा म्हणायचं! त्याला तर काही दोष नाही ना?"

"पाच म्हणायला आधी त्याच्यावरून जावं लागतं, पोरी," आमा म्हणाली. "मधली पायरी न टेकता उडी कशी मारू? आणि तू म्हणालीस, एकच आकडा."

ताईने चालता चालताच गळ्यातली चावी काढली. डॉक्टर काओंना फोन लावला. ते म्हणाले, "पण तक्त्यावर तर रोज तीन दिसतंय."

"तक्ता मी लिहिलाय, डॉक्टर. खोटा आहे."

इंजेक्शन तिने स्वतः दिलं. वीस मिनिटांनी आमाच्या भुवया सैल झाल्या. आणखी थोड्या वेळाने तिने कठडा सोडला, हात पोटावर घेतला आणि पेज मागितली. रताळ्याची एक फोड खाल्ली, दुसरी तोंडात असतानाच तिला झोप लागली. ली-शियाने ती फोड बोटाने बाहेर काढली आणि एकदम रडायला लागली.

"बारा दिवस!" पाओ-चूताई दबक्या आवाजात तिच्यावर खेकसली. खेकसण्याशिवाय तिला दुसरं काही सुचेना. "तुम्हाला माहीत होतं ना त्या कशा मोजतात ते? मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज शाबासकी देत होतात, ताई. आमा किती सोशिक, आमा किती सोशिक. त्यावर त्या कशा सांगणार? आणि मला वाटलं, तुम्हाला कळत असेल." ली-शियाने बाहीने डोळे पुसले. "तुम्ही काय परदेशातून आलाय का? इथल्याच ना तुम्ही?"

ताई चादरींच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मोठ्या भावाला फोन केला. तो पंचाहत्तरीला आला होता आणि त्याला ऐकू कमी यायचं.

"दादा, मला घरी 'आणखी एक' का म्हणायचे रे?"

"काय?"

"'आणखी एक'! का म्हणायची आई मला?"

"हे काय आज? तू जन्मलीस ती मांजराच्या पिल्लाएवढी. सुईण म्हणाली, महिना काढणार नाही. मग आई तुला चौथी म्हणू देईना कुणाला. बाबांनी एकदा म्हटलं तर अंगावर धावून गेली. तुझ्यावर तो शब्द नको होता तिला." तो जरा थांबला. "तुला काय वाटत होतं?"

तिला काय वाटत होतं ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. तिने फोन ठेवला आणि धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसली. आपण नको होतो, असं पंचावन्न वर्षं धरून चाललेली बाई ती. आणि जिने तिला मरणाच्या शब्दापासून जपलं, तिला ती रोज सकाळी आकडा विचारत होती. आईही म्हणायची, "तीन, आणि—". आता तिला ते स्पष्ट ऐकू येत होतं. आई श्वास घ्यायला थांबायची. तेवढ्यात ताईचं लिहून झालेलं असायचं. इस्पितळ जुने तक्ते सात वर्षांनी फाडून टाकतं, आईचे कधीच गेले होते. पण शोधायचं काय होतं? अक्षर तिचंच होतं. ती तिथे बसून रडली, मोठ्याने रडली, आणि बाहेर दोन नर्सा दाराशी येऊन परत गेल्या.

चुंग आमा पुढे एकोणीस दिवस जगली. मातृदिनाला तिची तीन आणि आणखी एक नातवंडं आली, आणि ती उशीला टेकून त्यांच्याशी बोलली. आता तिला आकडा विचारला की ती बोटं दाबत मोजायची आणि ताई शेवटच्या बोटापर्यंत थांबायची. तरी आमा एकदा कठडा धरूनच झोपली, सवयीने. ते बघून ताईने तिची बोटं एकेक करून सोडवली.

जुलैत नव्या पोरी रुजू झाल्या. दुपारच्या चहाच्या वेळी त्यांतली एक धीट पोर म्हणाली, "ताई, तुमच्या आईची गोष्ट सांगा ना. ती तीनची. आम्ही कॉलेजात ऐकलीय."

वेई-रूने मान वर केली. पाओ-चूताईने हातातला पेला खाली ठेवला.

"माझी आई बारा नंबरला गेली," ती म्हणाली. "तिचं दुखणं चार होतं."

वॉर्डाच्या ऐन मध्यात तो शब्द ऐकून कुणीतरी "थू थू, ताई!" म्हणालं. एकीने पटकन मॉनिटरवरच्या हिरव्या पाकिटाला हात लावला.

"चार होतं," ताई आणखी मोठ्याने म्हणाली. "की पाच, की नऊ, ते मला माहीत नाही. ती 'तीन आणि' म्हणून श्वास घ्यायला थांबायची, आणि मी तोवर तीन लिहून पुढच्या खाटेकडे गेलेली असायचे."

पोरी चहाचे पेले हातात धरून बसून राहिल्या. गोष्ट अजून पुढे आहे असं त्यांना वाटत होतं.